माहेराचे तीर्थ : सिंदखेडराजा आणि शिवस्मरण

१

मराठी संस्कृतीतील शिवस्मरण हे प्रामुख्याने गडांचे स्मरण आहे. शिवनेरीपासून रायगडापर्यंतची स्थळे शिवचरित्राचे टप्पे म्हणून उच्चारली जातात. एकेका गडाला एकेक प्रसंग बांधलेला असतो. प्रसंगाच्या आठवणीने गड आणि गडाच्या दर्शनाने प्रसंग जागा होतो. अज्ञानदासाच्या अफझलखानवधाच्या पोवाड्यापासून ही रीत वाङ्मयात रुजली. जोतीराव फुले यांचा १८६९ सालचा पोवाडा आणि लोकमान्य टिळकांनी १८९५-९६ च्या सुमारास रायगडाच्या निमित्ताने उभारलेला उत्सव यांच्या सामाजिक भूमिका भिन्न होत्या. तथापि राजाची ओळख त्याच्या कर्तृत्वावरून करून द्यावी, हे दोहोंनाही मान्य होते. कर्तृत्वाला रणभूमी लागते आणि मराठी मनात ती रणभूमी सह्याद्रीच्या कड्याकपाऱ्यांत वसलेली आहे.

या नकाशात वऱ्हाडला स्थान जवळजवळ नाही. १६७० च्या अखेरीस, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, शिवाजी महाराजांच्या फौजेने वऱ्हाडातील कारंजा ही संपन्न पेठ लुटली. १६७९ मध्ये वऱ्हाडच्या सीमेलगतचे जालना लुटले गेले. शिवचरित्रातील ठळक प्रसंगांशी या मुलखाचा संबंध येतो तो असा, लुटल्या गेलेल्या शत्रुप्रदेशाचा. आणि तरीही बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा या तालुक्याच्या गावी दरवर्षी १२ जानेवारीला लोटणारा जनसमुदाय हा आजच्या शिवस्मरणाचा एक सर्वांत मोठा आविष्कार ठरला आहे. जेथे राजाने एकही लढाई लढली नाही, एकही गड बांधला नाही, तेथे त्याचे स्मरण कोणत्या आधारावर उभे राहते, हा येथील मूळ प्रश्न होय.

त्याचे उत्तर सर्वज्ञात आहे: सिंदखेड हे जिजाबाईंचे माहेर. लखुजी जाधवराव आणि म्हाळसाबाई यांच्या या कन्येचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी येथील वाड्यात झाला, असे मानले जाते. म्हणजे सिंदखेड हे राजाचे आजोळ ठरते. पराक्रमाऐवजी नात्यावर आधारलेले हे शिवस्मरण आहे. परंतु सर्वज्ञात उत्तराने प्रश्न संपत नाही. गडाचे स्मरण आणि आजोळाचे स्मरण यांच्या भावबंधांत, वाङ्मयप्रकारांत आणि सत्याशी असलेल्या संबंधांत मोठा फरक आहे. त्या फरकाची समीक्षा क्वचितच झाली आहे.

२

सामूहिक स्मृतीला स्थळाचा आधार लागतो, हे मोरिस हाल्ब्वाक्स यांनी १९४१ साली पवित्र भूमीतील ख्रिस्तकथेच्या स्थळांचा विचार करताना दाखवून दिले. समूहाच्या गरजा बदलल्या की त्याच कथेची स्थळेही हलतात, नवी उमटतात, जुनी विसरली जातात, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. पुढे पिएर नोरा यांच्या संपादनाखाली १९८४ ते १९९२ या काळात सिद्ध झालेल्या फ्रेंच ग्रंथमालेने हा विचार राष्ट्राच्या पातळीवर नेला. तथापि मराठी अभ्यासकाला स्थळ आणि स्मृती यांच्या संबंधाची जाण येण्यासाठी एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’ने हे काम कित्येक शतकांपूर्वी केले आहे. श्रीचक्रधर जेथे बसले, निजले, जेवले, त्या जागांची नोंद ठेवणारा हा ग्रंथ स्मृतीचा भूगोलच मांडतो. चक्रधरांच्या संचाराच्या वाटेवरील मेहकर आणि लोणार ही दोन्ही गावे आजच्या बुलढाणा जिल्ह्यात आहेत. स्थळाला नमस्कार करून व्यक्तीचे स्मरण करण्याची रीत या मातीला नवी नाही.

‘स्थानपोथी’ची दृष्टी मात्र लक्षणीय आहे. तिच्या दृष्टीने कोणताही प्रसंग क्षुल्लक नाही आणि कोणत्याही प्रसंगाला मोठे करून सांगण्याची तिला निकड नाही. जे घडले ते जेथे घडले तेथे नोंदवावे, एवढाच तिचा आग्रह असतो.

सिंदखेडच्या उत्सवाने मात्र स्वतःसाठी वेगळा शब्द निवडला. तो म्हणजे ‘मातृतीर्थ’. गावाला, आणि आता बहुधा संपूर्ण जिल्ह्यालाही, हे विशेषण लावले जाते. या शब्दाचा अर्थ वारकरी परंपरेच्या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. वारकरी संतांनी पंढरपूर या तीर्थाला माहेर म्हटले आणि विठ्ठलाला माउली केले. या रूपांतराने देव घरातला झाला. माहेरी लेक रुसते, भांडते, गाऱ्हाणे घालते, प्रसंगी आईलाही बोल लावते. नामदेवांच्या आणि जनाबाईंच्या अभंगांत देवाशी होणारे भांडण या नात्यामुळेच शक्य झाले. सिंदखेडने हीच क्रिया उलट दिशेने केली. वारकऱ्यांनी तीर्थाचे माहेर केले होते; येथे माहेराचे तीर्थ झाले. पहिल्या रूपांतराने पवित्र वस्तूशी बोलण्याची मुभा मिळाली. दुसऱ्याने, जे आपले आणि म्हणून बोलण्याजोगे होते, ते केवळ वंदनीय करून ठेवले. आजोळाच्या शिवस्मरणाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी या एका शब्दात सामावल्या आहेत.

३

सिंदखेडराजाच्या स्थळांची संहिता वाचू लागले की तिच्यातील अर्थांचे थर ध्यानात येतात. लखुजी जाधवरावांचा भुईकोट वाडा, त्यातील जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून दाखवली जाणारी जागा, रंगमहाल, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव, काळा कोट, नीळकंठेश्वर आणि रामेश्वर ही मंदिरे, आणि लखुजींची भव्य समाधी. २०२४ साली या समाधीच्या परिसरात जतनाचे काम चालू असताना जमिनीखाली मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. उत्सवाच्या कथनात गावाचा इतिहास जाधवरावांपासून सुरू होतो. जमिनीला मात्र त्याहून जुने काही ठाऊक असते.

गावाच्या नावातील ‘राजा’ हा शब्दही विचारात घेण्याजोगा आहे. सिंदखेडराजा, देऊळगावराजा, किनगावराजा, मेहुणाराजा, आडगावराजा अशी गावनामांची एक मालिकाच या परिसरात आढळते. बाहेरून येणाऱ्याला यांतील ‘राजा’ म्हणजे शिवाजी महाराज वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः हा शब्द जाधवराव घराण्याच्या शाखांचा आहे. म्हणजे या भूमीच्या नावात शिवपूर्व राजेपणाची खूण अजून टिकून आहे आणि ती भोसल्यांच्या राजेपणाहून निराळी आहे.

हे निराळेपण इतिहासात अनेकदा विरोधाच्या रूपाने प्रकट झाले. लखुजी जाधवराव निजामशाहीतील बलाढ्य सरदार होते. मलिक अंबरच्या काळात ते मोगलांकडे गेले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत सासरे मोगलांच्या बाजूला आणि जावई शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूला होते. त्यापूर्वी खंडागळे यांच्या हत्तीवरून उसळलेल्या चकमकीत जाधवांचे दत्ताजी आणि भोसल्यांचे संभाजी असे दोन्ही घराण्यांतील तरुण मारले गेले. हा प्रसंग कवींद्र परमानंदांनी ‘शिवभारता’त आला तसा घेतला आहे. राजाच्या आश्रयाने, त्याच्याच गौरवासाठी लिहिणाऱ्या कवीला त्याच्या आईच्या आणि वडिलांच्या घरांतले वैर लपवावेसे वाटले नाही, ही बाब महत्त्वाची आहे. पुढे निजामशाहीत परतलेल्या लखुजींना १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात, अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातू यांच्यासह, दग्याने मारण्यात आले. जाधवराव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत. त्यांचा शेवट त्याच किल्ल्यात झाला. उरलेले जाधव मोगलांकडे गेले. अवघ्या काही महिन्यांनी, फेब्रुवारी १६३० मध्ये, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

मराठी भावविश्वात आजोळ म्हणजे मामाचा गाव; लाडाचा, सुट्टीचा, दह्यादुधाचा. शिवाजी महाराजांच्या वाट्याला आलेले आजोळ असे नव्हते. त्यांच्या जन्मापूर्वीच आजोबा आणि मामा मारले गेले होते आणि आजोळचे उरलेले लोक शत्रूच्या चाकरीत होते. ही स्थिती पुढेही संपली नाही. १७५७ साली पेशव्यांच्या फौजेने सिंदखेडला वेढा घातला, तेव्हा आत निजामाच्या बाजूचे रामचंद्र जाधवराव होते. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला तरी त्यावरील नाममात्र अधिकार निजामाचाच राहिला. स्वराज्याच्या राजकीय इतिहासात सिंदखेड बहुतांश काळ पलीकडच्या तीरावर होते. ज्या प्रदेशाला राजाच्या पराक्रमात वाटा मिळाला नाही, त्याने त्याच्या आईवर हक्क सांगावा, यात एक खोल प्रादेशिक गरज दिसते. पुणे आणि रायगड यांच्या भोवती फिरणाऱ्या शिवस्मरणात वऱ्हाडचा माणूस आपले स्थान शोधत होता आणि ते त्याला नात्यातून सापडले.

४

या नात्याला कथारूप देणारा प्रसंग म्हणजे रंगपंचमीचा. उत्तरकालीन बखरींतून रंगत गेलेली आणि ग्रँट डफने १८२६ साली आपल्या इतिहासात घेतलेली ही कथा सर्वपरिचित आहे. सणाच्या बैठकीत बाल शहाजी आणि बाल जिजाबाई एकमेकांवर रंग उडवतात. लखुजी सहज विनोदाने जोडा शोभतो असे म्हणतात. मालोजी तेच वचन समजतात. जाधवांच्या घरातून नकार येतो, कारण भोसले तोलामोलाचे नाहीत. पुढे मालोजींचा उत्कर्ष झाल्यावर विवाह होतो. सिंदखेडच्या रंगमहालात ही कथा आजही सांगितली जाते.

या कथेचे आशयसूत्र रंग नसून नकार आहे. घराण्याची प्रतिष्ठा, सरदारांमधील उतरंड, मुलीच्या विवाहावर चालणारे राजकारण, या सर्वांचा दाह तिच्यात आहे. ऐतिहासिक सत्य म्हणून तिचे मोल कितीही अल्प असो, सामाजिक सत्य म्हणून ती मोलाची आहे. स्थळाच्या दर्शनात मात्र रंग उरतो आणि नकार मागे पडतो. माहेर तीर्थ झाल्यावर त्याने कोणाला नाकारले होते, ही आठवण अडचणीची ठरते.

असेच काहीसे जिजाबाईंच्या प्रतिमेचेही झाले आहे. तुळशीदासाच्या नावावरील सिंहगडाच्या पोवाड्यात त्यांचे जे रूप येते ते या संदर्भात मुद्दाम पाहावे. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि अॅक्वर्थ यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहामुळे हा पोवाडा छापील वाङ्मयात आला. त्यात प्रतापगडावरील जिजाबाई राजगडाहून मुलाला बोलावून घेतात, त्याच्याशी फासे खेळतात, डाव जिंकतात आणि पणात सिंहगड मागतात. शिवाजीराजे दुसरे गड देऊ करतात. त्या ऐकत नाहीत. मोहिमेवर निघालेल्या तानाजीला त्या ओवाळतात आणि मुलाच्या नात्याने बांधून घेतात. या जिजाबाई मुलाला केवळ संस्कार देऊन बाजूला होणाऱ्या नाहीत. त्या हट्ट धरतात, डाव टाकतात, मुलाला पेचात पकडतात. एक गड मिळवण्यासाठी एका माणसाचा जीव जातो आणि त्या मागणीचा उगम त्यांच्या इच्छेत आहे, हे सांगायला शाहीर कचरत नाही. मातृत्व आणि सत्ता यांची अशी सरमिसळ नंतरच्या वाङ्मयात विरळाच आढळते.

फुल्यांच्या पोवाड्यात जिजाबाईंचे दुसरे रूप आहे. तेथे त्या मुलाला पूर्वजांच्या पराभवाचा इतिहास सांगतात. म्हणजे ज्ञान देणारी व्यक्ती आई आहे आणि ते ज्ञान राजकीय आहे. शिवाजी महाराजांचा गुरू कोण, या पुढे दीर्घकाळ चाललेल्या वादाचे एक बीज येथे दिसते. रामदास आणि दादोजी कोंडदेव यांच्याभोवती बांधलेल्या गुरुपरंपरेला उत्तर म्हणून जिजाऊ हाच खरा गुरू, ही मांडणी बहुजन चळवळीने केली. डिसेंबर २०१० मध्ये पुण्यातील लाल महालातील समूहशिल्पातून दादोजींचा पुतळा हलवण्यात आला, तो याच वादाचा परिणाम होता. ही मांडणी एका मोठ्या अन्यायाचे परिमार्जन करते, हे मान्य करावे लागेल. स्त्रीला इतिहासाच्या परिघावरून मध्यभागी आणण्याचे काम तिने केले. परंतु त्या मध्यभागी जिजाबाई उभ्या राहतात त्या बहुधा एकाच मुद्रेत: मुलाला घडवणारी माता. पोवाड्यातील फासे टाकणारी, पित्याच्या आणि बंधूंच्या हत्येनंतर सासर-माहेरच्या वैरात तग धरणारी, दीर्घकाळ पतीपासून दूर राहून पुणे परगण्याच्या कारभारात लक्ष घालणारी स्त्री या मुद्रेत मावत नाही.

शब्दांचा प्रवासही हेच सांगतो. जुन्या लेखनातील ‘जिजाबाई’ आणि ‘आऊसाहेब’ यांच्या जागी ‘राजमाता’, ‘राष्ट्रमाता’, ‘माँसाहेब’ हे शब्द रूढ झाले. ‘आऊ’ हा घरातला शब्द आहे. ‘राष्ट्रमाता’ ही पदवी आहे. ‘जिजाऊ’ या नावात मात्र तो जुना घरगुती स्वर टिकून राहिला. ‘जय जिजाऊ’ हे अभिवादन खेड्यापाड्यांत सहज रुळले, त्याचे एक कारण या स्वरात असावे.

५

सिंदखेडच्या उत्सवाला आजचे रूप आले ते १९९० साली स्थापन झालेल्या मराठा सेवा संघाच्या प्रयत्नांतून. गावाजवळ उभारली गेलेली जिजाऊ सृष्टी, सूर्योदयाच्या वेळी जन्मस्थळी होणारे पूजन, वैचारिक व्याख्याने, आणि विशेषतः पुस्तकांची दुकाने हे या उत्सवाचे विशेष होत. ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती आणि १२ जानेवारीची जिजाऊ जयंती यांना जोडून दहा दिवसांचा उत्सव करण्याची कल्पनाही लक्षणीय आहे. नवरात्राच्या जागी दोन ऐतिहासिक स्त्रियांना आणणारे हे नवे पंचांग आहे. शेतकरी कुटुंबांतील लोक जत्रेला जावे तसे येतात आणि परतताना इतिहासाचे पुस्तक घेऊन जातात, ही मराठी वाचनसंस्कृतीच्या दृष्टीने साधी घटना नव्हे. ज्यांना लिखित इतिहासाने दीर्घकाळ केवळ श्रोते ठेवले, ते येथे वाचक आणि वादक म्हणून उभे राहतात.

म्हणूनच या स्मरणाची कसोटी पुस्तकाच्याच संदर्भात लागावी, हे अर्थपूर्ण आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या जेम्स लेन यांच्या शिवाजीविषयक ग्रंथात जिजाबाईंच्या संदर्भात एका हीन कुजबुजीचा उल्लेख होता. त्याला ऐतिहासिक पुराव्याचा आधार नव्हता आणि त्यावर कठोर टीका होणे योग्यच होते. परंतु ५ जानेवारी २००४ रोजी संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला केला आणि तेथील ग्रंथसंपदेची नासधूस झाली. राज्य शासनाने ग्रंथावर बंदी घातली. ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तो निर्णय कायम ठेवला. या घटनाक्रमाचा राजकीय अन्वयार्थ अनेकांनी लावला आहे. स्मृतीच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. गडाच्या स्मरणात पराभवाला जागा असते. पुरंदरचा तह आणि आग्र्याची कैद सांगितल्याने राजा लहान होत नाही. तीर्थाच्या स्मरणात मात्र प्रत्येक प्रतिकूल शब्द विटाळ ठरतो. विटाळाला पुराव्याने उत्तर देता येत नाही, त्याचे केवळ निवारण करता येते. लेन यांच्या विधानाचे खंडन करण्याची सर्व साधने मराठी इतिहाससंशोधनापाशी होती. ती साधने जेथे जपली जातात, त्याच जागेवर घाव बसला.

सिंदखेडच्या उत्सवाला या घटनेसाठी जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. पुस्तके विकत घेणाऱ्या आणि व्याख्याने ऐकणाऱ्या तेथील समुदायाचा स्वभाव मुळात जिज्ञासेचा आहे. प्रश्न आहे तो त्या जिज्ञासेला स्मृतीची कोणती घडण मिळते, याचा. लखुजींची मोगलांकडील चाकरी, भोसले-जाधवांचे वैर, रंगपंचमीचा नकार, कारंजाची लूट, १७५७ चा वेढा या गोष्टी दडवून ठेवल्या तर जिजाबाईंचे मोठेपण वाढत नाही. उलट त्या गोष्टींच्या संदर्भातच ते कळते. दोन घराणी आणि तीन सत्ता यांच्या ओढाताणीत एका स्त्रीने माहेरच्या निष्ठेची वाट सोडून मुलासाठी आणि स्वतःसाठी तिसरी वाट निवडली. माहेरचे लोक शत्रूच्या छावणीत असताना ती निवडली. माहेर निष्कलंक होते असे मानले तर या निवडीला काही किंमतच उरत नाही.

६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे जिजाबाईंचे निधन झाले. सिंदखेडचा वाडा आणि पाचाडची समाधी या दोन टोकांमधले शहात्तर वर्षांचे आयुष्य कोणत्याही एका स्थळाच्या कथनात मावणारे नाही. वऱ्हाडने त्यातील आरंभाचे टोक आपले म्हणून हाती धरले आहे आणि शिवस्मरणाच्या मराठी परंपरेत त्यामुळे एक उणीव भरून निघाली आहे. पोवाड्याने दुय्यम मानलेले नाते उत्सवाने प्रथम मानले, हे त्याचे श्रेय. परंतु पोवाड्याजवळ असलेला धीटपणा त्याने अजून पूर्णपणे घेतलेला नाही. तुळशीदासाचा शाहीर जिजाबाईंच्या हातात फासे देऊ शकला आणि परमानंद दोन्ही कुळांचे वैर संस्कृत श्लोकांत मांडू शकला, कारण त्यांच्या दृष्टीने आदर आणि सत्यकथन यांत विरोध नव्हता. वारकऱ्यांच्या पंढरीत जशी भांडणाला जागा आहे, तशी सिंदखेडच्या तीर्थातही झाली, तर ते स्थळ खऱ्या अर्थाने पुन्हा माहेर होईल.